स्लॅबमधला गारवा

१२ एप्रिल ९३
वागळे इस्टेटचं ऑफिस. पश्चिमेच्या काचेला हात लावून पाहिला, सोसवेना. टायपिंगच्या मुली तिथेच बसतात. माझ्या मॉडेलात, म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेल्या इमारतीत, माणूस म्हणजे शंभर वॅट उष्णता. त्यातल्या फिलोमिनाला सांगितलं. "म्हणजे मी बल्ब? मग माझे दोन धरा, बाई. पाचवा लागलाय."

१९ एप्रिल
मॅनेजर सामंतसाहेबांनी ऐकलं एकदाचं! दुपारी विजेची मागणी मर्यादेबाहेर जाते, दंड बसतो. माझा उपाय: एसी प्लांट पहाटेच सुरू करायचा, भिंती-स्लॅब गार करून घ्यायचे. मग दुपारी दोनपासून अर्धा प्लांट बंद ठेवला तरी हॉल तापत नाही. घरी ह्यांना सांगितलं. पेपरातून "हं".

३ मे
जमलं. दंड नाही, हॉल गार. फिलोमिना म्हणते, स्वेटर विणायला घेऊ का.

१० मे
सकाळी भिंत कोमट. ऑपरेटर आता उशिरा येतो. सामंतसाहेब म्हणाले, "पहाटेचा ओव्हरटाइम कोण देणार, मॅडम? ते काढलं. दुपारचं बंद मात्र चालू. बिल बघा, आणखी खाली!"
मी म्हटलं, सर, दोन्ही मिळून एक उपाय आहे.
"तुमचंच मॉडेल ना?" हसले.

१३ मे
काचा उघडत नाहीत. मुली ओले रुमाल मानेवर ठेवून टाइप करतात. माझ्याशी बोलणं कमी. कॉम्प्युटरच्या खोलीचा एसी वेगळा, तो कधी बंद होत नाही. तिथे मी.

१८ मे
फिलोमिना दुपारी खुर्चीतून घसरली. मी रिक्षातून नेलं. डॉक्टर: बाळ ठीक आहे, सध्या. उन्हात, उकाड्यात बसू नका. बाळकुमहून तिची सासू आली, म्हणाली, "घरी बस गो आता." ही म्हणे, "टेंपररी आहे मी. बसले तर परत घेतील?" दोघी माझ्याकडे बघत.

२० मे
सामंतसाहेबांकडे गेले. पहाटेचं सुरू करा, नाहीतर दुपारी बंद करू नका.
"पाऊस आला की आपोआप गार होईल." मग, "कल्याणची नवी बिल्डिंग आहे, सगळी काच. तुमचंच नाव पुढे केलंय मी."
निघताना थँक्यू म्हणाले मी. सवयीने.

२४ मे
फिलोमिना आली कामावर. माझ्या खोलीत बस म्हटलं. "आणि टाइपरायटर डोक्यावर ठेवू?" दोन वाजता प्लांटचा आवाज निम्मा झाला. टायपिंग थांबलं नाही. कल्याणचे नकाशे टेबलावर, गुंडाळलेलेच. मी नाही म्हटलं तर दुसरं कोणी करील, पहाटेचा विचारही न करता. हो म्हटलं तर तिथेही पहाटेचं काढतील, दुपारचं बंद ठेवतील, माझ्याच नावावर.