बॉलखालच्या पाकळीची व्यवस्था

मी, सौ. प्रेमला रामनाथ चुरी, वय एकोणसत्तर, राहणार शिरगाव, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि माझ्याच हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. या घरात तेवढी छाती कोणाची नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा आहे. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखे काही नाही, पण ते म्हणताना माझ्याकडे न बघता फायलीत बघत होते, म्हणून हा लेख.

१. शिरगावचे राहते घर व वाडी, जी यांनी बक्षीसपत्राने माझ्या नावावर केली, ती माझ्यामागे माझे पती रामनाथ यांनी हयातभर भोगावी. त्यांच्यानंतर ती आमची एकुलती मुलगी मेघाली हिची. ठेवायची की विकायची ते तिचे तिने ठरवावे.

२. पाटल्या, मोहनमाळ आणि बँकेतली ठेव मेघालीला. माझी विळी मात्र जाऊबाई नर्मदा हिला द्यावी. "तुमच्या विळीला काय धार हाय वो," असे म्हणत ती वर्षानुवर्षे डोळा ठेवून बसली आहे. घे बाई एकदाची!

३. यांचा गोल्फ. वकिलांनी विचारले, हे मिळकतीत कसे येते? येते. हे बोईसरला एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे. निवृत्त झाले त्या दिवशी तिथल्या एका परदेशी साहेबाने आपली गोल्फची काठी आणि पिशवीभर बॉल यांना दिले, आणि माझा म्हातारा बिघडला. नवापूरहून मासेमारीचे जुने जाळे आणून दोन माडांच्या मध्ये बांधले, आणि रोज सकाळी त्यात बॉल मारायचे सुरू. खोड एकच: काठी बॉलला लागायच्या आधीच मान वर. बॉल कुठे गेला ते बघायची कोण घाई! भात चुलीवर ठेवला तरी दर मिनिटाला झाकण उघडून बघणारा माणूस हा. मान उठली की अंगही उठते, काठी बॉलच्या डोक्याला नुसती चाटून जाते, आणि बॉल उडायचा सोडून जमिनीवरून सरपटत जाळ्याखालून निसटतो.

असाच एक बॉल कुंपणापलीकडे, धाकटे दीर धीरजभावजी यांच्या अंगणात गेला आणि उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी फुटली. सासूबाईंची, चिनीमातीची. भावजी बॉल हातात घेऊन आले तर हे म्हणाले, "तो बॉल माझा नायच!" अहो, अख्ख्या शिरगावात गोल्फ खेळणारे तुम्ही एकटे! तेव्हापासून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. दोघेही हट्टी आणि दोघेही मनातून झुरतात, हे मी दोन्ही अंगणांतून पाहिले आहे.

४. मान खाली ठेवा, म्हणून मी ओरडून दमले. ओरडले की हे माझ्याकडेच बघत. मग मी एक युक्ती केली. यांची पाठ वळली की बॉलखाली फुलाची पाकळी ठेवायची, आणि फटका मारून झाल्यावर यांनी तिचा रंग सांगायचा. मान वर केली तर रंग कुठून दिसणार? सुरुवातीला सगळ्याच पाकळ्या लाल होत्या, अंदाजपंचे. मग एका सकाळी काठी नीट बॉलवर बसली, ठक्क असा स्वच्छ आवाज आला, जाळे हलले, आणि हे खालीच बघत म्हणाले, "पिवळी. शेवंतीची हाय." एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मी आजारी पडल्यापासून काठी कोपऱ्यात उभी आहे. विचारले तर म्हणतात, "पाकळी कोण ठेवणार?" मला मरणाची भीती वाटत नाही. हा माणूस माझ्यामागे ओटीवर बसून राहील, धड जेवणार नाही, कोणाशी बोलणार नाही, याची वाटते.

५. म्हणून विहिरीजवळचा माझा लोणच्याचा आंबा मी धीरजभावजींना देते. बरणीचा विषय इथे मिटला. पाकळी ठेवायचे कामही त्यांनाच देते. भावजी, तुमच्या कुंपणाला फुलांची कमी नाही. रोज सकाळी या, पाकळी ठेवा आणि रंग विचारा. विचारायचा तर तुम्हाला तोंड उघडावे लागेल, सांगायचा तर यांना. वकील म्हणतात, असली अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. तुम्ही माझा शब्द आजवर कधी खाली पडू दिला नाहीत.

६. अहो, हे फक्त तुमच्यासाठी. मी गेल्यावर तुम्ही फटका अर्धा सोडून वर बघाल, ही कुठे गेली म्हणून. मी ओळखून आहे तुम्हाला. बघू नका. मी असेन तिथे बरी असेन. मान खाली ठेवा, आणि भावजी विचारतील तेव्हा त्यांना रंग सांगा.

वकिलांनी खाजगी मजकूर गाळा म्हटले होते, गाळलेला नाही. सगळे पुन्हा वाचून दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली, त्यांनीही माझ्या देखत केली.

शिरगाव, दि. ११ जानेवारी २०२५

(सही) सौ. प्रेमला रामनाथ चुरी

साक्षीदार:
(सही) भाग्येश राऊत, शिरगाव
(सही) स्वरा निमेश सावे, पालघर