पूर्वेकडे ऐकणारी तार

मामा, तुम्ही हयात असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुम्ही ओसरीवर, मी स्वयंपाकघरात, मध्ये एक भिंत. सासऱ्याशी सुनेनं बोलायचं ते भिंतीआडून, तेही चहा झाला, पाणी तापलं एवढंच, अशी खापरमधली तेव्हाची रीत होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात तुमची बहीण, फुई, होत्या. पण त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नसे. हे फौजेत गेल्यापासून तुम्ही माझ्याशी जेवढं बोलत होता तेवढंही बोलेनासे झालात. मी त्याचा अर्थ लावला होता, की तुम्ही दोष मला देता. ह्यांना वायरलेसचं वेड लागलं ते त्या रेडिओपायी, आणि तो रेडिओ ह्यांनी आणला माझ्याशी लग्न झाल्यावर, नंदुरबारहून, जुना, दुरुस्त करून. फौजेला असे तार-वायरलेस जाणणारे तरुण हवेच होते. एकुलता एक मुलगा फौजेत गेला आणि तुम्ही त्या पेटीवर गोणपाट टाकून ती धान्याच्या कोठीत ठेवून दिलीत. जणू तिच्यासोबत मलाही.

मग सिंगापूर पडलं आणि फौजेकडून कागद आला: बेपत्ता. त्या एका शब्दावर आपण एक उन्हाळा काढला, एक पावसाळा काढला. दिवाळी सरल्यावर तुमचे चुलतभाऊ आले. भावकीत त्यांचा शब्द चाले. ओसरीवर बसून ते तुम्हाला म्हणाले, "भाऊ, आते कितली वाट दखशी? पोर गया. दहावं करी टाक. बहूना हातमा बांगड्या ठेवणं बरं नही." मी आत ज्वारीचं पीठ मळत होते. बांगड्या पिठात वाजू नयेत म्हणून मी हात जागीच थांबवले. तुम्ही काय बोलता ते ऐकायचं होतं. तुम्ही म्हणालात, "अमावस्या व्हई जाऊ द्या." त्यांनी ती तारीख पक्की धरली आणि उठून गेले. त्या दिवशी मी भाकरी कशा थापल्या मला आठवत नाही. एवढं आठवतं की तुम्ही जेवला नाहीत, आणि मला तुमचा राग आला. 'नही' म्हणायला काय हरकत होती, असं मी मनात तुमच्याशी भांडत होते.

दोन-तीन दिवसांनी नंदुरबारकडून येणारा मोटारीचा ड्रायव्हर आपल्या किराणा दुकानात तंबाखू घ्यायला थांबला. मीठ मोजता मोजता तुम्ही त्याला सुरतेकडची खबर विचारलीत, रोज विचारायचात तशी. तो म्हणाला, तिकडे लोक दार लावून जपानचं स्टेशन ऐकतात. संध्याकाळी कैद्यांची नावं वाचतात, हिंदुस्थानीत. शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव. हे मला नंतर तुमच्याकडूनच कळलं. तेव्हा मला दिसलं ते इतकंच, की भर दुपारी दुकान उघडं टाकून तुम्ही घरात आलात, कोठीतून गोणपाटासकट ती पेटी उचललीत आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडलात. त्याआधी तुम्ही तो कधी ओलांडला नव्हता. पेटी माझ्यासमोर चुलीजवळ ठेवून म्हणालात, "हाई खोकं बोलतं करता येस का तुले?"

मी पदर सावरून मान हलवली.

"मुंडी नको हालाडू. बोल."

"येतं, मामा."

बॅटरी अक्कलकुव्याहून भरून आणलीत. सांगितल्या वेळेला आपण बसलो, तुम्ही कोठीच्या दारात, मी पेटीजवळ. कढईत मोहरी उडावी तसा आवाज, बाकी काही नाही. ह्यांनी जायच्या घाईत जी तार बांधली होती ती पत्र्याच्या छपरावर हातभर उंचीवरून पूर्व-पश्चिम गेलेली, आणि मधला जोड हिरवा पडलेला. हे मला नेहमी सांगायचे की रेडिओ पेटीत नसतो, तारेत असतो. तार उंच हवी, पत्र्यापासून लांब हवी, आणि जिकडचं ऐकायचं तिकडे तिनं कूस करायची, टोक नाही. आपल्याला पूर्वेकडचं ऐकायचं होतं आणि आपली तार पूर्वेकडे टोक करून होती. हे तुम्हाला कसं सांगावं मला कळेना. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात गेल्यावर मी शिडी लावून स्वतःच छपरावर चढले. तार सोडवते आहे तोच खालून तुमचा आवाज आला.

"खाले उतर! कोणाना घरनी बहू अशी छपरावर चढस? गाव दखी ऱ्हायनं!"

गल्लीतल्या बायका खरंच पाहत होत्या. मी उतरले. तुम्ही शिडी काढून भिंतीशी आडवी टाकलीत. वाटलं, संपलं, आता ही पेटी परत कोठीत जाणार. मी तोंड फिरवून उभी राहिले आणि भिंतीला सांगावं तसं बोलून टाकलं. "तार फिरवायला हवी, मामा. उत्तर-दक्षिण. आणि वर, पत्र्याच्या खूप वर. नाहीतर आपल्याला काही ऐकू येणार नाही, आणि अमावस्या जवळ आलीय."

तुम्ही निघून गेलात. दुसऱ्या दिवशी बाजार होता. डोंगरातून बांबू घेऊन येणाऱ्यांकडून तुम्ही दोन लांब, सरळ बांबू निवडून आणलेत. एक मागच्या अंगणात पुरला, दुसरा ओसरीपुढे. शिडीवर तुम्ही चढलात, त्या वयात, धोतर खोचून. खाली मी डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि सगळ्या गल्लीसमोर मी तुम्हाला हुकूम सोडत होते. "ताणा, मामा. अजून. चिनी मातीची गोटी टोकाला बांधा, तार बांबूला टेकता कामा नये." तुम्ही एकदाही वळून पाहिलं नाहीत, पण सांगितलं तसंच करत गेलात. जोड मी चिंचेनं घासून लख्ख केला, राळ लावून कथलाचा डाग दिला. पेटीतून जमिनीत जाणारी तार कोरड्या मातीत होती. ती काढून जस्ताच्या पत्र्याला जोडली आणि तो न्हाणीच्या सांडपाण्याजवळ पुरला, तिथली माती सदा ओली असते म्हणून. त्या संध्याकाळी मोहरी उडायची थांबली. आधी अनोळखी बाजा ऐकू आला, मग माणसाचा आवाज, स्वच्छ, शेजारच्या घरातून बोलल्यासारखा. तुम्ही पेटीकडे न पाहता माझ्याकडे पाहिलंत.

नावं मात्र रोज येत नसत. येत तेव्हा पंजाबातली गावं, दक्षिणेतली गावं. आवाज चढे आणि बुडे, बुडाला की मी श्वास धरी, कारण बुडलेल्या नावात आपलं नाव असेल तर ते पुन्हा यायचं नव्हतं. आणि तेवढ्यात अक्कलकुव्याहून फौजदार आले. एवढे उंच बांबू लांबून दिसत होतेच. ते सभ्यपणानं बोलले, पण उभ्या उभ्याच. "शेटजी, परवाना तुमच्या मुलाच्या नावावर. मुलगा इथं नाही. शत्रूचं स्टेशन ऐकता असं कानावर आलंय. उद्या सकाळी माणूस पाठवतो, पेटी त्याच्या ताब्यात द्या, बांबू उतरवा." तुम्ही हात जोडलेत. ते गेल्यावर म्हणालात, "म्हंजे आज शे."

त्या संध्याकाळी वारा सुटतो. सातपुड्याकडून सुटतो तसा, एकाएकी, धूळ घेऊन. मी पेटी लावते. नावं सुरू झालेली आहेत. बाहेर काहीतरी तुटल्याचा आवाज येतो आणि पेटीतला माणूस बुडतो. ओसरीपुढच्या बांबूला ताणून धरणारा दोर तुटलाय, बांबू वाकलाय, तार पत्र्यावर आपटते आहे. तुम्ही उठता. "तू हालू नको," म्हणता, "कान काढू नको," आणि बाहेर जाता. मला दारातून तुमची पाठ दिसते. तुम्ही बांबूला खांदा लावलाय, दोन्ही हातांनी कवळ घातलीय आणि सगळ्या अंगानं तो मागे रेटताय. तार पत्र्यावरून उचलली जाते. पेटीतला माणूस परत येतो. एक नाव, एक गाव. दुसरं नाव, दुसरं गाव. मग एक खरखर, तिच्यात शिपायाचं नाव पार गिळलं जातं, आणि तिच्या पलीकडे स्पष्ट, सावकाश, "वल्द", म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि तुमचं नाव. मुकाम कापर. खान्देश.

मी बाहेर आले तेव्हा तुम्ही अजून बांबू धरून होता. वाऱ्यात तुम्हाला आतलं अक्षर ऐकू येणं शक्य नव्हतं.

"मामा, नाव आलं."

"कोणं?"

"तुमचं."

तुम्हाला दुसरा मुलगा नव्हता. तुम्ही बांबूला तसेच टेकून खाली बसलात, आणि तो वाकून पुन्हा पत्र्यावर पडला, तरी आपल्या दोघांपैकी कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

सकाळी माणूस येऊन पेटी घेऊन गेला. अमावस्येला भाऊबंद जमले. मी दाराआड उभी होते, हात पदरात गुंडाळून. चुलतभावांनी विचारलं, नाव ऐकलं म्हणतात ते कोणी ऐकलं? बहूनं? तिला तर तेच ऐकू येणार. फुईंना कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता. मला वाटलं, आता तुम्ही मला बाहेर बोलवाल, आणि मला सगळ्यांसमोर सांगावं लागेल की मुलाचं नाव नाही ऐकलं, बापाचंच ऐकलं, गावही खापर नाही, कापर म्हणाले, आणि ते हसतील. तुम्ही मला बोलावलं नाहीत. तुमचा आवाज आला, दुकानात भाव सांगताना असायचा तसा, चढ ना उतार. "मी सोता ऐकं. मन्हा आंडोरनं नाव, मन्हं नाव, गावनं नाव. तो जित्ता शे. मन्हा घरमा आते बांगड्याना विषय नको." तुम्ही आयुष्यात खोटं तोललं नाहीत असं गाव म्हणे. त्यामुळे विषय तिथंच मिटला. ते उठून गेल्यावर तुम्ही भिंतीआडून नाही, दारात येऊन म्हणालात, "चहा टाक, बेटा."

लढाई संपायच्या आधीच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. हे त्यानंतर आले, अंगावर नुसती हाडं, पण आले. सगळी हकीकत ऐकून ह्यांनी मला विचारलं, "तुला नक्की ऐकू आलं होतं?" वायरलेसचा माणूस, विचारणारच. पण मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही, आणि का ते ह्यांना आजवर समजलेलं नाही. तुम्ही तर एक अक्षरही ऐकलं नव्हतंत, तरी मला 'नक्की का' असं कधी विचारलं नाहीत.

आता हे ओसरीवर बसलेत, तुम्ही बसायचात तिथंच. मघापासून मी लिहितेय ते पाहून त्यांनी विचारलं, एवढं लांबलचक पत्र कुणाला? मी म्हटलं, माहेरी. माझ्या माहेरी आता कुणी उरलेलं नाही, हे त्यांना ठाऊक आहे.