पांढऱ्या टेबलावरचा पांढरा कप

लडलो, १२ ऑक्टोबर

चि. टॅम्सिन हिस अनेक आशीर्वाद.

तू सजवून दिलेली पुढची खोली सुंदर आहे. भिंती, सोफा, गालिचा, टेबल, सगळं कसं सायीच्या रंगाचं. सुंदरच! शेजारच्या प्रूडन्सबाई दारातूनच म्हणाल्या, आत यायचं तर बूट हातात घ्यावे लागतील. काल पाद्रीबाबा चहाला आले होते, त्यांनाही आवडली. चहा जरासा सांडला, पण डाग निघाला.

तुझे वडील नाताळला येताहेत, मी एकटी कशी राहते ते बघायला. माझ्या या धाकट्या भावाने म्हणे श्रूजबरीच्या वृद्धाश्रमात माझ्यासाठी खोलीही हेरून ठेवली आहे. मी काही इथून हलायची नाही.

स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, इथे शेगडीची ऊब मिळते. खोली खरंच सुंदर. आत्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी हेस्टरआत्या

बाथ, १९ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी फुशारले. मासिकवाले त्या खोलीचे फोटो काढायला येणार आहेत, हे तुला सांगायचंच होतं. मग पत्र पुन्हा वाचलं. तीनदा सुंदर? आपल्या घरात एकाच गोष्टीला कुणी तीनदा सुंदर म्हटलं की मी सावध होते. आईच्या नव्या टोपीला बाबा असंच म्हणाले होते, आणि नंतर ती टोपी कुत्र्याच्या अंथरुणात सापडली.

एवढी खोली सजवली आणि तू बसतेस स्वयंपाकघरात! आवडली नसेल तर सरळ शिव्या घाल, पण खरं सांग. उत्तराची वाट बघते.

तुझी लाडकी (अजून तरी) टॅम्सिन

लडलो, २४ ऑक्टोबर

चि. टॅम्सिन हिस आशीर्वाद.

शिव्या कशाला घालू? खोली सुंदर आहे, पोरी, पण ती मला सापडत नाही.

माझी नजर अधू होत चालली आहे. पूर्वी गडद हिरव्या भिंतीपुढे पिवळी खुर्ची दिसायची, तिच्या अंदाजाने चालायचे. आता सगळीकडे नुसतं धुकं. सोफा कुठे संपतो ते गुडघ्यालाच कळतं. पाद्रीबाबांचा चहा मी पांढऱ्या टेबलावरच्या पांढऱ्या कपात ओतला असं मला वाटलं. ओतला होता टेबलावर! ते बिचारे रिकामा कप तोंडाला लावून म्हणाले, चहा फक्कड झालाय. माझी सपात ओली झाली तेव्हा कुठे कळलं. मी लगेच बिस्किटं पुढे केली.

तुझ्या वडिलांना यातलं अक्षर कळू देऊ नकोस. कळलं तर नाताळचं जेवण मी श्रूजबरीत जेवेन. मला फार भीती वाटते गं.

हेस्टरआत्या

बाथ, २७ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले. घर कसं दिसावं ते लोकांना शिकवत हिंडते, आणि तुला काय दिसतं ते विचारलंच नाही.

शनिवारी रंगाचे डबे घेऊन येते. भिंती पुन्हा गडद हिरव्या, टेबल काळं, सोफ्याच्या कडेला लाल पट्टी. मासिकवाल्यांना कळवलं, फोटो नको. बाबांना मी सांगणार नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तू माझ्याबरोबर यायचंस. त्यात घासाघीस नाही.

तुझी टॅम्सिन

लडलो, २७ डिसेंबर

चि. टॅम्सिन हिस पोटभर आशीर्वाद.

तू तापाने घरी राहिलीस आणि तुझी गंमत हुकली. तुझ्या वडिलांनी दारात उभं राहून खोली पाहिली आणि म्हणाले, ताई, हे फारच भडक झालंय. मला इतकं बरं वाटलं! या खोलीत पहिल्यांदाच कुणी खरं बोललं.

मग मी काळ्या टेबलावरच्या पांढऱ्या कपात चहा ओतला. काठोकाठ, थेंब न सांडता. आणि किटली खाली ठेवून माझ्या डोळ्यांचं मीच सांगून टाकलं. तू गप्प राहिलीस, मलाच राहवेना.

वृद्धाश्रमाचं नाव आता निघेल म्हणून मी हात घट्ट धरून बसले होते. तुझ्या वडिलांनी कप संपवला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, आणखी एक ओत.

लवकर बरी हो आणि ये. दार उघडंच आहे.

तुझी हेस्टरआत्या