आईचा डोळा आणि आभारप्रदर्शन

दरेकसा,
ता. ५ जानेवारी २०२५

चि. ललितास, अनेक आशीर्वाद व जयभीम.

फोन करावा तर तू बैठकीत असतेस. पत्राला बैठक आडवी येत नाही, म्हणून लिहितो. तुझ्या आईच्या मोतीबिंदूसाठी गोंदियाच्या डॉक्टरांनी शनिवार, अठरा तारीख दिली आहे. आधीच्या दोन तारखा तुझ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने खाल्ल्या. लेक जवळ नसेल तर डोळ्याला हात लावू देणार नाही, असा तिचा हट्ट आहे. काल तिने खड्यांसकट तांदूळ शिजवले. मी खडा चावला तर वर मलाच विचारते, काऊन तोंड वाकडं करून राहिले म्हणून.

लोभ आहेच, आता पाय इकडे वळव.
तुझा बाबा,
खुशाल

नागपूर,
ता. ९ जानेवारी

ती. बाबांस, सविनय जयभीम.

रजेचा अर्ज परत आला. अठराला, सुटीच्या शनिवारी, कार्यशाळा आहे. विषय ऐका : ‘कर्मचाऱ्यांचे काम आणि घर यांचा समतोल’. हजेरी सक्तीची! विभागातल्या रिकाम्या जागा भरत नाहीत, ते काम आम्हीच ओढतो, निकाल लांबला की शिव्याही आम्हीच खातो. आणि समतोल शिकवायला बाहेरचे वक्ते.

आभारप्रदर्शन माझ्याकडे आहे. साहेबांना आईचे सांगितले, तर म्हणाले की तुमच्याइतके छान कोणी बोलत नाही. तुम्ही भाषण शिकवलेत त्याचे हे फळ. तारीख पुढे ढकलता येईल का?

रागावू नये, माया असू द्यावी.
ललिता

दरेकसा,
ता. १३ जानेवारी

चि. ललितास, जयभीम.

पत्र वाचून डोके भणाणले. लेकीला आईच्या उशाशी बसू न देणारा समतोल कोणत्या तराजूत मोजतात? भीमजयंतीच्या मंचावर तुला उभी केली, ती साहेबांची शोभा वाढवायला नव्हे. स्वतःच्या हक्काची रजा मागताना ज्याची जीभ अडखळते, तो दुसऱ्याच्या हक्कासाठी काय बोलणार? मी तारीख बदलणार नाही. आई मात्र तुझीच बाजू घेते. बैल अन् माणूस अजून येगळा दिसून राह्यला, तर घाई कायले, म्हणते.

आभार मानायचेच तर खरे मान.
बाबा

नागपूर,
ता. १९ जानेवारी

ती. बाबांस, सविनय जयभीम.

तुमचा निरोप कार्यशाळेतच मिळाला. मी नाही म्हणून आई दवाखान्याच्या बाकावरून उठलीच नाही, डॉक्टरांनी पुढचा शनिवार दिला.

मी पाहुण्यांचे आभार मानले. मग म्हटले, एक नाव राहिले, नंदाबाई. ही माझी आई. मी इथे समतोल शिकत होते, म्हणून ती आज ऑपरेशन न करताच घरी गेली.

टाळ्याच टाळ्या पडल्या. साहेबांनी डोळे पुसले आणि जाहीर केले की इतके हृदयस्पर्शी भाषण पुढच्या शनिवारी उरलेल्या विभागांसमोरही व्हायला हवे.

मी त्यांच्या हातातून माईक घेतला आणि नाही म्हटले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत.

शुक्रवारच्या गाडीने येते. अर्ज केलेला नाही, फक्त कळवले आहे. आईला म्हणावे, तांदूळ मी निवडीन.

लोभ आहेच, तोवर भात जपून चावा.
तुमची ललिता