बेसिनपाशी मोज्यांचा डबा

मंगळवार, ४ मार्च

"आधी ते मोजे काढा!" मालकीणबाई भर गिऱ्हाइकांत ओरडल्या. मी काढले नाहीत.

केस धुवायच्या बेसिनपाशी उघड्या हातांनीच उभं राहायचं, हा आमच्या पार्लरचा नियम. बाईंच्याही आधी त्यांच्या आईनं घातलेला. रंग लावताना हातमोजे चालतात, धुताना नाही! का, तर "आपल्या पार्लरचं नाव बोटांवर चाललंय." बोटं कुणाची, ते कुणी विचारत नाही.

माझी कातडी म्हशीची. इतकी वर्षं शॅम्पूत बुचकळली, हूं की चूं नाही. माझ्या सूनबाईची तशी नाही. बोटांच्या बेचक्यांत भेगा, सांध्यांवर रक्त. काल भाजीत मीठ टाकायला गेली आणि डोळ्यांत टचकन पाणी! डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलंय – दिवसभर ओले हात आणि साबण, हे असंच चाललं तर काम सोडावं लागेल. आणि तिला दुसरं काही करायचं नाहीये. कुणाच्या केसांत हात घातला की तिचा चेहराच बदलतो. मी शेजारच्या बेसिनवरून रोज बघते ना!

म्हणून मोजे. औषधांच्या दुकानातून पातळ, रबराचे, दोघींना आणले. तिचे बाईंनी काढायला लावले. माझे काढून दाखवा म्हणावं.

बुधवार, ५ मार्च

मला टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलं. शिक्षा! घड्याही मोजे घालूनच घातल्या.

शनिवार, ८ मार्च

आज मजा झाली. शनिवारची गर्दी, हात कमी पडले, आणि बाईंना झक मारत मला बेसिनवर बोलवावं लागलं. खुर्चीत कोण? तर मखमलबाई! हे नाव आमच्यातलंच – त्यांना सगळं मखमलीसारखं लागतं. पाणी कढत नको, गार नको, नख लागायला नको. मान मागे टाकून डोळ्यांवर टॉवेल घेतला. मी गुपचूप मोजे चढवले.

पाचव्या मिनिटाला घोरायला लागल्या! चांगल्या खणखणीत. सूनबाई तोंडात टॉवेल कोंबून हसतेय. बाई धावत आल्या, माझे हात बघितले, तोंड उघडलं – पण घोरणाऱ्या गिऱ्हाइकावर ओरडणार कसं?

उठल्यावर मखमलबाई म्हणतात, "आज काय हलका हात लागला हो! रोज असंच धुवा."

मी दोन्ही हात वर केले.

"अगं बाई! मोजे होय? मला कळलंसुद्धा नाही."

बाईंचा चेहरा फोटो काढून ठेवण्यासारखा झाला होता.

रविवार, ९ मार्च

दोन्ही बेसिनांच्या मधे मोज्यांचा डबा! "तुमच्या हट्टापायी," बाई म्हणाल्या. असू दे हट्टापायी. आला ना डबा!

मंगळवार, १८ मार्च

भुवया कोरणारी आज हात नाचवत आली. "मावशी, बघा, भेगा भरल्या!" तीही दुपारी केस धुते. तिचे हात बाळाच्या गालासारखे झालेत.

सूनबाईचे मात्र नाहीत. भेगा जरा मिटल्या, पण आता हातांच्या पाठीवर लाल चट्टे, बारीक फोड. मनगटाशी सरळ रेघ ओढल्यासारखे थांबतात, बांगडीसारखे. काल जेवताना म्हणाली, "आई, मोजे घातले की जास्तच खाजतं." मी म्हटलं, "घाम येतो गं, सवय होईल."

शनिवार, २२ मार्च

बाईंनी तिचे हात बघितले. "बघा, तुमच्या मोज्यांनी काय दिवे लावले! डबा उचलते मी. आणि सुनेला फोन घ्यायला बसवते."

फोन घ्यायला! सूनबाईचा चेहरा पांढराफटक.

म्हटलं, "डॉक्टरीणबाई तपासणी करणार आहेत. निकाल येईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही."

"हे पार्लर कुणाचं आहे, मावशी?"

"तुमचं. हात आमचे."

कुठून सुचलं देव जाणे. बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. भुवया कोरणारी मागून म्हणाली, "डबा उचलला तर मीपण उचलेन माझी कात्री." जियो!

सोमवार, २४ मार्च

पार्लरला सुट्टी. हातांना जे जे लागतं ते सगळं घेऊन या, असा डॉक्टरीणबाईंचा निरोप होता. शॅम्पू, रंग, कंडिशनर, टॉवेलांचा साबण, सगळं बाटल्यांत भरून नेलं. सूनबाईनं पिशवीत एक मोजाही टाकला. म्हटलं, "तो कशाला? ते तर आपलं औषध!" तिनं काढला नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळ्याचं थोडं थोडं घेऊन तिच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. परवा काढायच्या, शुक्रवारी निकाल. तोवर पाठीला पाणी नाही.

लेक म्हणाला, "आता हिला कुठल्या पत्त्यावर पाठवायची? तिकिटं तर लावलीत." उशी फेकून मारली तिनं. आठवड्यात पहिल्यांदा हसली.

मी मनात शॅम्पूचं नाव पक्कं केलंय. त्या हिरव्या बाटलीतला. एकदा कागदावर येऊ दे, बाईंच्या नाकासमोर धरते!

गुरुवार, २७ मार्च

पाठ खाजतेय म्हणते. कुठं ते बघू देत नाही.

शुक्रवार, २८ मार्च

हिरवी बाटली निर्दोष. सगळ्या बाटल्या निर्दोष. पाठीवर एकच चौकोन लालभडक फुगलाय – मोज्याचा. रबर! भेगा पाण्या-साबणाच्या, चट्टे माझ्या मोज्यांचे. पोर सांगत होती आणि मी घामाचं नाव पुढे केलं.

काम सोडायला नको, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. हात कोरडे राहिलेच पाहिजेत, पण मोजे तिला बिनरबराचे हवेत. मिळतात म्हणे.

उद्या शनिवार, गर्दीचा दिवस. भर गिऱ्हाइकांत बाईंना सांगणार – तिच्या बाबतीत तुमचं खरं होतं. मग दुसरा डबा मागणार.