घसरणारा उजवा हात

प्रिय हुदा,

सहा वर्षांनी माझं पत्र बघून आधी हसशील. फोनवर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून तुमच्या नाटे गावी निघालेल्या लवूदादाच्या हाती पाठवतेय. तुझे अब्बा, अरशदचाचा, अजून होडीवर जातात का? मी मिरजोळ्यात मुलींना बॉक्सिंग शिकवते. मला मॅडम म्हणतात, हस अजून!

पहिला अर्धा तास मी त्यांना नुसतं उभं राहायला लावते. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, डावा हात डोळ्यांसमोर, उजवा हनुवटीला चिकटलेला. सरावात सरांनी आपली जोडी लावली होती ना, एकीने ठोसे मारायचे आणि दुसरीने तिचे हात बघायचे. डावा ठोसा मारताना तुझा उजवा हात छातीपर्यंत घसरायचा. मी ओरडायचे, तू चिडायचीस, पण हात वर जायचा.

जिल्ह्याच्या फायनलला आपणच समोरासमोर येणार हे कळलं आणि पुढचे पंधरा दिवस मी ओरडले नाही. एकदाही नाही. खोड गेली असं तुला वाटलं. आता जमतंय ना, असं तू विचारलंस तेव्हा मी चक्क मान डोलावली. फायनलला तुझा हात घसरला आणि माझा डावा हुक थेट तुझ्या जबड्यावर बसला. उठून तू मलाच मिठी मारलीस. चाचांनी तुझी बॅग उचलली, आता बस झालं म्हणाले, आणि तुझं बॉक्सिंग तिथेच सुटलं. मी मात्र त्याच विजयावर पुढे गेले. लाज वाटते गं. तुझ्या मिठीची तर सगळ्यात जास्त.

तू परत रिंगणात उतरलीस हे ऐकून मी रडले. रविवारी चिपळूणला तुझी पहिली लढत माझ्या विद्यार्थिनीशी, शमिकाशी आहे. काल तुझा व्हिडिओ बघून तिने पाच मिनिटांत ओळखलं, हिचा उजवा हात खाली येतो. मी शाबासकी दिली आणि घरी येऊन हे लिहायला बसले. हुदा, हात अजून घसरतोय. तेवढा सांभाळ. हे तुला कळवतेय आणि का, ते सगळं आज शमिकाला सांगितलं. ती ग्लोव्ह्ज न काढताच बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, मॅडम, चूक तुमची होती, मग मार मी का खायचा? मी तिच्या ग्लोव्ह्जची नाडी सोडली. तरी पत्र पाठवतेय.

तुझीच, तेव्हा गप्प राहिलेली,
नम्रता