शेपटीला लाल फीत

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (तुझ्या नव्या गुडघ्यालाही, सध्या घरात त्याचाच मान मोठा.) गुडघा किती वाकतो, भाची औषधं वेळेवर देते ना, आणि जावईबापूंना तू अजून स्वयंपाक शिकवायला घेतलेला नाहीस ना, ते कळव. इकडे मी ठीक आहे. गाय ठीक आहे असंही लिहिलं होतं, पण ते खोडलं. वर शाईचा डाग दिसतो तो त्याचाच.

तू निघताना बजावलं होतंस, गोठा कोरडा ठेव म्हणून. मी ठेवला, पण माझ्या पद्धतीने. ओला उरलेला चारा आणि शेण रोज उचलून मागच्या भिंतीला रचत गेलो, चौकोनी, कडेला कड लावून (रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला ढीगसुद्धा वाकडा बघवत नाही). तीनेक आठवड्यांत गोमाश्या झाल्या. मला वाटलं, गोठा म्हटला की माश्या आल्याच. त्या घरातल्या माशीसारख्याच दिसतात गं, पण रक्त पितात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

गाय सारखी पाय आपटू लागली, दूध निम्म्यावर आलं. मी समजलो, तुझ्यावाचून रुसली आहे. दुभत्या गाईच्या लाथा गोड असं ज्याने म्हटलं, त्याने बहुधा खाल्लेल्या नसाव्यात. एकदा धार काढताना तिची शेपटी तोंडावर बसली आणि चष्मा थेट बादलीत. तेव्हा मी शेपटी खुंट्याला बांधून टाकली. फायलींची लाल फीत घरात होतीच (कुठून आली ते विचारू नकोस). धार झाल्यावर सोडायची होती. पण संध्याकाळी परत बांधायचीच आहे, म्हणून राहू दिली. चार दिवस राहू दिली, ताई. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पाचव्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. तिच्या पायांवर रक्ताचे ठिपके, पोटाखाली चावून उठलेल्या गांधी. त्यांनी आधी फीत पाहिली, मग मला पाहिलं. "तिला हात नाहीत हो," एवढंच म्हणाले. मग मागे जाऊन माझ्या चौकोनी ढिगात काठी घातली, तर आत नुसत्या अळ्या. म्हणजे माश्यांचं बाळंतपणही मीच करत होतो. मला फार वाईट वाटलं. तिथेच उभा राहून रडलो (डॉक्टरांना सांगितलं, वासाने डोळे झोंबतात).

आता ढीग उन्हात पातळ पसरला आहे, औषध लावतो आहोत, फीत जाळली. धार शेजारच्या काकू काढतात. गाईचं आणि माझं पुन्हा छान जमलं आहे. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. हे मी मनाच्या टोचणीने लिहिलं असं तुला वाटेल. टोचणी आहेच. पण डॉक्टर रविवारी तुला फोन करणार आहेत. त्यांच्याआधी माझ्या तोंडून कळावं म्हणून पत्र आजच टाकतो आहे.

आणखी एक. खरं तर तो फोन उचलू नकोस, एवढं सांगायलाच कागद घेतला होता. पण उचल. ती कशी आहे ते त्यांना नीट विचार आणि मलाही कळव. मला ती अजून जवळ येऊ देत नाही.